एका पेपरच्या मागे फिरताना: स्ट्रॅटेजी रिसर्चमधली माझी सुरुवातीची वर्षं

स्ट्रॅटेजीत रिसर्च करते असं सांगितलं की एक तर लोक विचारतात सध्या कुठला शेअर घ्यावा, नाहीतर म्हणतात अरे वा, म्हणजे कंपन्यांना सल्ला देता का तुम्ही. दोन्ही नाही. मी आजवर एकाही कंपनीला सल्ला दिलेला नाही, आणि दिलाच तर त्यांनी तो मनावर घेऊ नये. आमचा प्रश्न त्याच्या जरा अलीकडचा असतो. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्या, माणसं साधारण सारखी, मशीन सारखी, गिऱ्हाईकंही तीच, तरी एक वर्षानुवर्षं कमावते आणि दुसरी कशीबशी तग धरते, असं का होतं? एवढंच. हे ऐकायला सोपं वाटतं पण यावर लोकांची अख्खी करिअर गेलीत.

पीएचडीच्या पहिल्या सेमिस्टरला जी भांडणं वाचावी लागतात त्यातलं एक याच प्रश्नाचं. १९८५ मध्ये श्मालेन्सी यांनी दाखवलं की नफ्यातला जो फरक समजावून सांगता येतो तो मुख्यतः तुम्ही कुठल्या उद्योगात आहात यावर ठरतो. १९९१ मध्ये रुमेल्ट म्हणाले नाही, उद्योगाचा टिकाऊ वाटा साधारण ८ टक्के आणि त्या त्या बिझनेस युनिटचा स्वतःचा ४६ टक्क्यांच्या आसपास. मग १९९७ मध्ये मॅकगहन आणि पोर्टर यांनी वेगळा डेटा घेतला आणि उद्योगाचा वाटा १९ टक्क्यांवर आणून ठेवला. वर्गात यावर तावातावाने चर्चा चाललेली, आणि मला मात्र सारखं वाटत होतं की पहिले दोघं ज्या डेटावर भांडतायत तो अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) १९७४ ते १९७७ अशी चारच वर्षं कंपन्यांकडून सक्तीने गोळा केलेला आहे, त्यातही श्मालेन्सींनी त्यातलं एकच वर्ष वापरलेलं. म्हणजे आपण 'कंपन्या' म्हणतोय त्या नक्की कुठल्या, आणि ते आकडे कुणी, का भरून दिले? आमच्या मॅडम (माझ्या गाइड) तेव्हा म्हणाल्या, ही खोड चांगली आहे, फक्त हिच्या जोरावर पेपर होत नाही.

पेपर व्हायला प्रश्न लागतो आणि माझा प्रश्न सुरुवातीला फारच लठ्ठ होता: चांगली माणसं सोडून गेली की कंपनीचं काय होतं? यावर आधीच ढीगभर काम झालेलं. ग्रॉइसबर्ग, ली आणि नंदा यांचा २००८ चा पेपर शेअर बाजारातल्या स्टार अॅनालिस्टांवर आहे, त्यात दिसतं की स्टार माणूस कंपनी बदलतो तेव्हा त्याची स्वतःची कामगिरीच घसरते, आणि जो आपल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन जातो त्याला हा फटका कमी बसतो. म्हणजे जे काही कौशल्य होतं ते पूर्ण त्याच्या डोक्यात नव्हतंच, बरंचसं आजूबाजूच्या माणसांत होतं. हे वाचून मी ठरवलं की टीमच्या टीम उठून प्रतिस्पर्ध्याकडे जाते तेव्हा काय होतं ते बघायचं. प्रश्न जरा बारीक झाला. (मॅडमना विचाराल तर त्या म्हणतील, लठ्ठचा गुबगुबीत झाला.)

डेटा म्हणून पेटंट घेतली, कारण ती फुकट मिळतात, हे आमच्या क्षेत्रात फार मोठं सुख आहे. बाकीचे डेटाबेस युनिव्हर्सिटीने वर्गणी भरलेली असेल तरच उघडतात, आणि तुम्ही युनिव्हर्सिटी बदललीत की लॉगिन बंद, मग जुन्या मित्रमैत्रिणींना मेसेज. अमेरिकन पेटंटचा पेटंट्सव्ह्यू नावाचा डेटा १९७६ पासूनचा आहे, प्रत्येक मंजूर पेटंटवर कुणी शोध लावला, तो माणूस कुठल्या गावचा, पेटंट कुठल्या कंपनीच्या नावावर, सगळं असतं. आता एक माणूस आज एका कंपनीच्या पेटंटवर दिसला आणि काही वर्षांनी दुसऱ्या कंपनीच्या पेटंटवर, म्हणजे मधे केव्हातरी त्याने नोकरी बदलली. केव्हा? ते पेटंटवर लिहिलेलं नसतं. आणि जो गेला आणि त्यानंतर त्याने कधी पेटंट घेतलंच नाही, मॅनेजर झाला, शिकवायला लागला, घरी बसला, तो आपल्या डेटापुरता नोकरी सोडून गेलेलाच नसतो. शिवाय एकाच नावाची शंभर माणसं असतात, आणि एकच माणूस कधी मधलं अक्षर लावतो कधी नाही, कंपनीचं नाव कधी पूर्ण लिहिलेलं कधी अर्धवट. ही नावं जुळवून देणारे अल्गोरिदम आहेत पण तेही चुकतात, आणि ते चुकले की कागदावर एखादा माणूस दर महिन्याला नोकरी बदलताना दिसतो. पीएचडीतली माझी एक आख्खी उन्हाळी सुट्टी या साफसफाईत गेली आणि त्याचं शेवटी पेपरमधे काय झालं तर अपेंडिक्समधला एक परिच्छेद.

प्रवास म्हणाल तर सुरुवातीची दोन वर्षं काहीच नाही. मी पीएचडीला लागले २०१९ मध्ये, आणि आमची सगळ्यात मोठी जी कॉन्फरन्स, अकॅडमी ऑफ मॅनेजमेंटची वार्षिक बैठक, ती २०२० मध्ये व्हँकुव्हरला व्हायची होती ती ऑनलाइन झाली, २०२१ ची पण ऑनलाइन. झूमच्या चौकोनातून ज्यांची नावं पेपरांवर वाचली त्यांना बघायचं आणि प्रश्न विचारायला हात वर केला की सेशन संपायचं. त्यामुळे मी पहिल्यांदा बाहेर पडले ती कॉन्फरन्ससाठी नाहीच, इंडस्ट्रीच्या प्रदर्शनांसाठी.

हे जरा सविस्तर सांगते कारण माझ्या मते या सगळ्यातलं खरं काम इथे झालं.

मॅडमचं म्हणणं होतं की नोकरी सोडण्यावर पेपर लिहितेस तर सोडलेल्या माणसांशी बोल. मी आधी लिंक्डइनवर मेसेज पाठवत बसले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही, आणि ज्यांनी दिलं त्यांनी वकिलाला विचारून सांगतो म्हणून सांगितलं, कारण जुन्या कंपनीशी झालेल्या करारात बोलायचीच बंदी. मग कुणीतरी सुचवलं की ट्रेड शोला जा. मोठमोठाले हॉल, स्टॉल, मशीन, ब्रोशर, आणि प्रत्येक स्टॉलवर एखादा इंजिनिअर ज्याला सेल्सवाल्यांनी ओढून आणलेलं असतं आणि ज्याच्याशी दुपारनंतर कुणी बोलत नसतं. तो बोलतो. मशीनबद्दल आधी विचारायचं, ते खरंच नीट ऐकायचं, मग आपोआप विषय निघतो की हे डिझाइन कुणाचं, तो आता कुठे असतो. सकाळी गेलात तर कुणी भाव देत नाही, त्यांना गिऱ्हाईक हवं असतं, शेवटच्या दिवशी दुपारी गेलात तर सोन्याची वेळ. रिसर्चला परवानगी देणारी एथिक्स कमिटी असते, तिचा फॉर्म आधी भरून ठेवावा लागतो, नाव-कंपनी लिहायचं नाही, रेकॉर्ड करायचं तर विचारून. मी रेकॉर्ड केलंच नाही. फोन बाहेर काढला की माणूस वेगळा बोलायला लागतो, तेव्हा बाहेर येऊन जिन्यात बसून आठवेल तसं वहीत उतरवायचं.

तिथे दोन गोष्टी कळल्या. पहिली गोष्ट वाईट बातमी होती. मी धरून चालले होते की टीम गेली म्हणून प्रोजेक्ट बसला. एकामागून एक लोक सांगायला लागले की अहो उलटं, कंपनीने प्रोजेक्ट बंद करायचं ठरवलंय हे आम्हाला आधीच कळलं होतं, म्हणून गेलो. म्हणजे डेटात जे 'माणसं गेली आणि पेटंट थांबली' दिसतं त्यात कारण आणि परिणाम कुठला ते सांगताच येत नाही. आमच्याकडे याला एंडोजेनिटी म्हणतात आणि प्रत्येक सेमिनारला कुणीतरी हा शब्द टाकतंच, बरेचदा सवय म्हणून. पण शब्द म्हणून ऐकणं वेगळं आणि समोर उभा असलेला माणूस सांगतोय की बाई तुमचा बाण उलटा लागलाय, हे वेगळं.

दुसरी गोष्ट एका अशा इंजिनिअरने सांगितली जो कुठे गेलाच नव्हता. त्याच्या ग्रुपमधले तिघं-चौघं प्रतिस्पर्ध्याकडे गेले, हा मागे राहिला. मी त्याला गेलेल्यांबद्दल विचारत होते आणि तो वैतागून म्हणाला की त्यांचं बरं चाललंय, माझं विचारा. त्यानंतर वर्षभर मला कळायचंच नाही की अडलं तर कुणाला विचारायचं, कारण दुसऱ्या डिपार्टमेंटमधे कोण काय करतं हे त्यातल्या एकालाच माहीत होतं आणि मी सगळं त्याच्यामार्फत करायचो.

त्या रात्री मी परतीच्या ट्रेनमधे प्रश्न बदलला. गेलेल्यांचं सोडून द्यायचं, राहिलेल्यांचं बघायचं. पेटंटवर कोणाबरोबर कोण काम करतं ते दिसतंच, म्हणजे जाळं काढता येतं. मधला माणूस गेला की मागे राहिलेले नवीन लोकांशी जोडले जातात, आपापसातच घट्ट होतात, की काम करणंच कमी करतात?

आता बाण उलटा लागतोय त्याचं काय करायचं? इथे कायदा कामाला आला. नोकरी सोडल्यावर ठराविक काळ प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही असा करार, नॉन-कंपीट, अमेरिकेत राज्याराज्यांत वेगवेगळा चालतो. कॅलिफोर्नियात १८७२ पासून तो जवळजवळ चालतच नाही. आणि मिशिगनची गोष्ट तर आमच्या क्षेत्रातली लाडकी आहे: तिथे हे करार बेकायदेशीर होते, १९८५ मध्ये मक्तेदारीविरोधी कायदा नव्याने लिहिताना जुना कायदा रद्द झाला आणि त्याबरोबर ही बंदीही उडाली, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. मार्क्स, स्ट्रमस्की आणि फ्लेमिंग यांनी २००९ मध्ये याचाच उपयोग करून दाखवलं की त्यानंतर तिथल्या संशोधकांचं नोकऱ्या बदलणं कमी झालं. कुठल्या प्रोजेक्टचं काय चाललंय याच्याशी कायदा बदलण्याचा संबंध नाही, म्हणून बाण सरळ व्हायला मदत होते. मी अलीकडचे राज्यांचे बदल घेतले, हवाईने २०१५ मध्ये टेक्नॉलॉजी कंपन्यांसाठी बंदी घातली तो, वॉशिंग्टन राज्याचा २०२० चा, असे. हवाईत पेटंट घेणारी माणसं किती असणार, असं प्रत्येकजण विचारतो. बरोबर विचारतो.

प्रत्यक्ष कॉन्फरन्स पहिली मिळाली ती २०२२ ची सिअॅटलची. दहा हजारांच्या आसपास लोक येतात, कितीतरी हॉटेलांत सेशन्स, आणि आपलं पुढचं सेशन नेहमी चुकीच्या हॉटेलात. पेपर जानेवारीत द्यायचा, चाळीस पानांत बसवून, निकाल वसंतात, आणि कॉन्फरन्स ऑगस्टमधे. ज्यांच्या पासपोर्टला व्हिसा लागतो त्यांचं वेळापत्रक याच्या आत एक वेगळंच चालतं, निमंत्रणाचं पत्र कधी येतं, अपॉइंटमेंट कधी मिळते, पासपोर्ट परत कधी येतो. माझ्याबरोबरच्या एका मुलीचा पेपर तिच्या सहलेखकाने वाचला कारण तिचा पासपोर्ट कॉन्फरन्स संपल्यावर आला. पैशाचं म्हणाल तर तिकीट-हॉटेल आधी स्वतःच्या खिशातून आणि नंतर बिलं लावून क्लेम. बोर्डिंग पास जपून ठेवा, एवढंच सांगते.

पेपर वाचायचं म्हणजे काय तर दहा-बारा मिनिटं, खोलीत थोडी माणसं, त्यातली अर्धी पुढच्या वक्त्याची मित्रमंडळी. त्यातून फार काही मिळेल अशी आशा धरू नये. पहिले दोन दिवस जी वर्कशॉप असतात ती मात्र सोडू नयेत, आणि आपल्या डिव्हिजनचं, म्हणजे आपल्या विषयाच्या गटाचं, पीएचडीवाल्यांचं कन्सॉर्टियम मिळालं तर जायचंच, कारण तिथे टेबलावर बसून कुणीतरी तुमचा पेपर खरंच वाचलेला असतो. माझ्या टेबलावरच्या प्रोफेसरबाईंनी अगदी शांतपणे विचारलं की यात आणि अझुलेंच्या पेपरमधे फरक काय. तो पेपर २०१० चा आहे: नामवंत शास्त्रज्ञ अचानक वारले तर त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांचं पुढचं प्रकाशन ५ ते ८ टक्क्यांनी कमी होतं आणि ते तसंच राहतं. जारावेल आणि मंडळींचा २०१८ चा पेपर पेटंटवाल्यांबद्दल तसंच सांगतो, सहकारी अकाली वारला की मागे राहिलेल्यांची कमाईही घटते. आणि मृत्यू तर कुणी प्रोजेक्ट बंद पडणार म्हणून ठरवत नाही, म्हणजे त्यांचा बाण माझ्यापेक्षा सरळ. मग माझं काय नवीन?

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते हॉटेलच्या लॉबीत मिळालं, दुसऱ्या एका पीएचडीवाल्याशी बोलताना, जो झोपेअभावी सोफ्यावर आडवाच झाला होता आणि डोळे मिटून म्हणाला की मेलेला माणूस प्रतिस्पर्धी होत नाही. बस. माझा सहकारी नोकरी सोडून गेला तर तो फक्त उणा होत नाही, तो समोरच्या बाजूला जाऊन बसतो, त्याला माझ्या कामातलं अर्धं माहीत असतं, आणि मी आता कुठल्या दिशेला जातेय याचा तो अंदाज करू शकतो. मग मी त्याच्या जवळचं काम चालू ठेवेन की मुद्दाम लांब जाईन? हा प्रश्न विज्ञानाचा राहत नाही, स्ट्रॅटेजीचा होतो. पेपरचं आता जे शीर्षक आहे ते त्या सोफ्यावरच्या वाक्यातून आलंय, त्याचं नाव आभारात आहे, आणि लॉबीत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल सेशन्सना जावं.

जानेवारी २०२३ मध्ये पुढच्या बोस्टनच्या कॉन्फरन्सची डेडलाइन तोंडावर, मी चाळीस पानांत बसवतेय, आणि ५ तारखेला बातमी आली की फेडरल ट्रेड कमिशन देशभर नॉन-कंपीटवर बंदी घालायचा प्रस्ताव आणतंय. साधारण तीन कोटी कामगार, म्हणजे दर पाचातला एक, अशा करारात बांधलेला आहे असा त्यांचा अंदाज. अचानक मला सगळे विचारायला लागले की तुझा पेपर काय सांगतो, बंदी चांगली की वाईट. माझा पेपर ते सांगतच नाही! पण प्रस्तावना बदलली, कारण न बदलून चालणार नव्हतं. मग २३ एप्रिल २०२४ ला नियम अंतिम झाला, ४ सप्टेंबरपासून लागू होणार होता, परत प्रस्तावना बदलली. ऑगस्टमधे शिकागोच्या कॉन्फरन्सला मी तो नियम येतोय असं धरून बोलले आणि परत येऊन जॉब मार्केटचे, म्हणजे प्राध्यापकाच्या नोकरीचे, अर्ज भरतेय तोवर २० ऑगस्टला टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो रद्दच केला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये कमिशनने अपीलही सोडून दिलं. चालू घडामोडीवर पेपर लिहू नये असं जुनी मंडळी सांगतात. मी चालू घडामोडीवर लिहिलाच नव्हता, घडामोडी माझ्या पेपरवर चालून आल्या. शेवटी प्रस्तावनेतून तो सगळा भाग काढून एका तळटीपेत टाकला आणि झोप लागली.

जॉब मार्केटबद्दल लोकांना फार उत्सुकता असते, त्यात खरं तर सांगण्यासारखं थोडंच आहे. ऑगस्टच्या कॉन्फरन्समधे ओळखीपाळखी, मग अर्ज, मग झूमवर छोट्या मुलाखती, आणि ज्यांना आवडलात ते बोलावतात. हा दौरा एक-दोन दिवसांचा. सकाळी हॉटेलातून कुणीतरी उचलतं आणि रात्री सोडतं, मधे अर्ध्या अर्ध्या तासाच्या भेटी, प्रत्येकजण विचारतो आमच्याबद्दल काही प्रश्न आहेत का, आणि संध्याकाळपर्यंत तोच प्रश्न तुम्ही इतक्या जणांना विचारलेला असतो की उत्तर तुम्हीच देऊ शकाल. मधे तासा-दीड तासाचा जॉब टॉक, म्हणजे आपल्या पेपरवर सगळ्यांसमोर बोलणं. तिथे पहिली स्लाइड ओलांडायलाच वीस मिनिटं लागतात, मधेच अडवून प्रश्न विचारणं हा त्यांचा हक्क, आणि खरं सांगायचं तर ते तुमचं उत्तर जेवढं बघत नाहीत तेवढं तुम्ही प्रश्न ऐकता का ते बघतात. दोन प्रश्न सगळीकडे ठरलेले: दुसरा पेपर कुठला, आणि तू स्वतःला इकॉनॉमिक्सवाली समजतेस की सोशिऑलॉजीवाली. दुसऱ्याचं उत्तर डिपार्टमेंट बघून द्यावं असं सगळे सांगतात. मी ट्रेड शोच्या वह्यांबद्दल बोलायचे, त्याने कुणीच पूर्ण खूश व्हायचं नाही आणि कुणीच फार नाराजही नाही.

मधे ऑक्टोबर २०२४ मध्ये स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट सोसायटीची कॉन्फरन्स इस्तंबूलला होती, ती याच्या बरोबर मधे आली. ही लहान असते, इथे आख्खा पेपर द्यावा लागत नाही, काही पानांचं प्रपोजल चालतं, आणि आमच्याच विषयाचे लोक असल्यामुळे एंडोजेनिटीच्या पुढचं बोलणं होतं. शहर किती बघितलं ते विचारू नका. खिडकीतून बघितलं, पुढच्या आठवड्याच्या जॉब टॉकच्या स्लाइड दुरुस्त करत करत. या धंद्यात पासपोर्टवर शिक्के भरपूर बसतात, पण बरेचसे हॉटेलच्या तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोल्यांचेच असतात.

आणि रिव्ह्यू. एका जर्नलने पेपर रिव्ह्यूअरकडे न पाठवताच परत केला, दुसऱ्याने दुरुस्त करून पुन्हा पाठवा म्हणून सांगितलं, ज्याला आम्ही आर अँड आर म्हणतो आणि जे ऐकून घरचे म्हणतात म्हणजे नाही घेतला ना. नाही हो, ही आनंदाची बातमी असते. तीन अनोळखी माणसं पानंच्या पानं लिहितात, आणि त्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचं असतं, उत्तराचं डॉक्युमेंट पेपरपेक्षा मोठं होतं. माझ्या वाट्याला आलेला सर्वात मोठा मुद्दा पद्धतीचा होता. वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वर्षी कायदा बदलला तर जुनी पद्धत अशी की सगळं एका रिग्रेशनमधे, म्हणजे एकाच आकडेवारीच्या समीकरणात, घालायचं. पण तसं केलं की आधी बदललेली राज्यं नकळत नंतर बदलणाऱ्यांसाठी तुलनेचा गट होऊन बसतात, आणि परिणाम काळाबरोबर वाढत असेल तर उत्तर वाकडं येतं, कधी कधी चिन्हच उलटं. गुडमन-बेकन यांचा यावरचा पेपर आणि कॅलवे-सांतआना यांचा उपाय दोन्ही छापून आले २०२१ मध्ये, म्हणजे मी पीएचडीत असतानाच पायाखालची पद्धत बदलली. सगळं परत चालवलं. मुख्य निकाल टिकला: मधला माणूस समोर गेला की मागे राहिलेले त्याच्या विषयापासून लांब सरकतात. एक उपनिकाल मात्र विरघळला, आणि तो मला फार आवडायचा. तरी एका गोष्टीचं बरं वाटतं, स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट जर्नलने २०१६ पासून टेबलांतले ते तारे, म्हणजे पी-व्हॅल्यूची कटऑफ (निकाल निव्वळ योगायोग नाही असं म्हणायची ठरलेली रेषा), बंद केले, आणि काहीच सापडलं नाही असे निकालही छापायची तयारी दाखवली. त्याने बोलण्याचा सूर जरा बदललाय. सगळा नाही बदललेला, रिव्ह्यूअर अजूनही तारे शोधतातच.

आता नोकरी लागलीय, टेन्युअरचं, म्हणजे नोकरी कायम व्हायच्या मुदतीचं, घड्याळ सुरू झालंय, वर्गात एमबीएच्या मुलांना केस शिकवते. ती मुलं माझ्यापेक्षा जास्त कंपन्यांत राहून आलेली असतात त्यामुळे मी बोलते कमी आणि विचारते जास्त. एकाला विचारलं तुमच्याकडचा ग्रुप फुटला तेव्हा काय झालं, तर पुढचा अर्धा तास वर्ग त्यावरच. पगाराबरोबर जे काही येतं त्यातलं हे अनपेक्षित निघालं, वर्ग हाही फील्डच आहे. जुलै २०२५ ची अकॅडमीची बैठक कोपनहेगनला झाली, उत्तर अमेरिकेच्या बाहेर पहिल्यांदाच, आणि तिथे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले, एका पीएचडीच्या मुलाचा पेपर वाचून. त्याला मी विचारलं की यात आणि अमुक पेपरमधे फरक काय. त्याचा चेहरा बघून वाईट वाटलं पण प्रश्न बरोबरच होता, आणि लॉबी कुठल्या बाजूला आहे तेही सांगितलं त्याला.

पेपर सध्या दुसऱ्या फेरीत आहे. पाठवायच्या आधी मी तो त्या मागे राहिलेल्या इंजिनिअरला पाठवला होता, त्याने टेबलं सगळी सोडून दिली आणि अपेंडिक्समधल्या एका ओळीवर उत्तर लिहिलं. तिथे मी म्हटलंय की जे लोक जाऊन परत जुन्या कंपनीत आलेले दिसतात त्यांना विश्लेषणात घेतलेलं नाही, कारण बरेचदा तो नावांचा घोळ असतो, आणि सगळे असंच करतात. तो म्हणाला, आमच्याकडचा एक खरंच परत आला, दोन वर्षांनी, आणि तेव्हा जो गोंधळ झाला तो जाताना झाला नव्हता, कारण तोवर आम्ही सगळ्यांनी विषय बदलले होते आणि त्याला बसवायचं कुठे हेच कळेना. तर आता ती काढून टाकलेली यादी उघडून बसलेय. खरे परत आलेले किती आणि घोळ किती ते हाताने तपासावं लागेल, दोन विद्यार्थी मदतीला घेतलेत. पुढच्या ट्रेड शोचं रजिस्ट्रेशन झालंय, शेवटच्या दिवसाचं, दुपारचं. मागच्या प्रवासाचा क्लेम मात्र अजून अकाउंट्समधे अडकलाय, त्यांना बोर्डिंग पास हवाय.